पूर्वीचा आजार आणि कामगार नुकसानभरपाई : बुलढाणा जिल्ह्यातील जिनिंग कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना :
खामगाव व मलकापूर या बुलढाणा जिल्ह्यातील कापसाच्या जुन्या बाजारपेठा होत. १८७० मध्ये खामगावी लोहमार्ग आला तोही मुख्यतः कापसासाठीच. येथील जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामापुरता राबणारा मजूर कामावर असताना छातीत कळ येऊन दगावला, तर मालकाकडून बहुधा एकच बचाव पुढे येतो : त्याला आधीपासून आजार होता. हा बचाव कायद्यापुढे कितपत टिकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कापूस पिंजणी व दाबणीचे कारखाने ‘हंगामी कारखाने’ म्हणून राज्य कामगार विमा योजनेबाहेर राहतात. त्यामुळे या मजुराला मालकाकडील नुकसानभरपाईवाचून दुसरा आधार उरत नाही.

कायद्याची भूमिका :
१९२३ च्या नुकसानभरपाई अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मूळ कसोटी मात्र तीच आहे : अपघात नोकरीतून व नोकरीच्या ओघात उद्भवलेला असावा. मद्यपान, सुरक्षा नियमांची हेतुपुरस्सर अवज्ञा असे अपवाद कायद्यात आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तेही लागू होत नाहीत. पूर्वीचा आजार या अपवादांत कोठेही नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांचे वाहन उलटून १३ जण मरण पावले. अशा घटनेत कामाशी असलेला संबंध उघड असतो. हृदयविकारात तो सिद्ध करावा लागतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या पहारेकऱ्याच्या खटल्यात (१९५४) मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने याविषयी महत्त्वाचे तत्त्व मांडले. कामगार आधीच हृदयरोगी असला तरी कामाच्या श्रमाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर मालक जबाबदार ठरतो. मात्र रोगाने आपल्या गतीनेच मृत्यू आणला असेल, तर दावा टिकत नाही.

म्हणूनच निकाल भिन्न लागतात. नेल्लोरच्या खटल्यात (२००६) कामगाराचे काम केवळ बटणे चालू-बंद करण्याचे होते व छातीच्या विकाराचे उपचार पूर्वीच झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने दावा नाकारला. उलट दिल्लीहून मालमोटार घेऊन हजारावर किलोमीटर गेलेल्या चालकाच्या बाबतीत (२०१२) दीर्घ प्रवासाचा ताण कारणीभूत मानून भरपाई दिली गेली. खामगावचा मजूर त्या दिवशी गाठी उचलत होता की काट्यावर नोंदी करीत होता, किती तास, कोणत्या पाळीत, हे म्हणूनच निर्णायक ठरते. वारसांकडे बहुधा केवळ शवविच्छेदन अहवाल असतो; हजेरीपट मालकाच्या ताब्यात राहतो. ही विषमता प्रस्तुत लेखकाला कायद्यातील उणिवेपेक्षा अधिक गंभीर वाटते.

कापसाच्या धुळीचा प्रश्न :
कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसविकार व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत आहे. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळून येणे हे त्याचे आरंभीचे ओळखीचे लक्षण. दम्याचे किंवा विडीच्या व्यसनाचे निमित्त पुढे करून तो सहज झाकला जातो. शिवाय मजूर एका हंगामात एका जिनात, तर पुढील हंगामात दुसऱ्या जिनात असतो. मग ‘आधीचा आजार’ कोणाच्या आधीचा? १९२३ च्या अधिनियमात यावर तोडगा होता : कलम ३(२अ) नुसार अशा रोगाची भरपाई सर्व मालकांवर आयुक्ताने योग्य प्रमाणात विभागावयाची. अर्थात त्यासाठी प्रत्येक जिनातील नोकरीचा लेखी पुरावा हवा. कामावर घेताना व हंगाम संपताना प्रत्येक मजुराची श्वसनक्षमता तपासून नोंदीची प्रत त्याच्या हाती दिली, तर दोन्ही पक्षांचा वाद पुष्कळसा कागदावरच मिटेल.