पहांटेचा हृच्छूल आणि रोजची गोळी

छातींत कळ आली म्हणजे मनुष्य जिना चढला असेल किंवा भरल्या पोटीं झपझप चालला असेल, अशी आपली समजूत असते. आणि बहुतेक हृच्छूलांच्या बाबतींत ती खरीही आहे. परंतु या रोगाचा एक प्रकार असा आहे कीं, तो दिवसां कष्ट करतांना मनुष्यास सहसा छेडीत नाहीं. मध्यरात्र उलटल्यावर, पहांटेच्या सुमारास, स्वस्थ निजलेला असतांना त्यास गांठतो. छातीवर पाटा ठेवल्यासारखें होतें, घाम सुटतो, आणि कांहीं मिनिटांत सारें निवळतें. सकाळीं कार्डिओग्राम काढावा तर तो पुष्कळदां निर्दोष! मग घरचीं वडील माणसें 'वायु धरला असेल' म्हणून ओवा-सैंधव देऊन मोकळीं होतात.

१९५९ सालीं लॉस एंजेलिस येथील डॉ. मायरन प्रिंझमेटल व त्यांचे सहकारी यांनीं या प्रकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. पोटरींत जसा गोळा येतो, तसा हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या स्नायूंस पेटका येतो व रक्ताची वाट मिटते. कित्येकांच्या धमन्या तपासणींत जवळजवळ स्वच्छ दिसतात आणि घरांत पेढे वांटले जातात. पण पेटका लांबला तर हृदयाचा स्नायु मरतो, ठोके बिघडतात, क्वचित् प्राणही जातो. जपानांत हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षां अधिक आढळतो, आणि त्याचा कसून अभ्यासही तेथें झाला आहे.

कळ आल्यावर जिभेखालीं ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी जुनीच, लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनीं १८७९ सालीं तिचा गुण जगापुढें मांडला. परंतु ती आलेला पेटका सोडविते, पुढचा अडवीत नाहीं. तें काम कॅल्शियम-रोधक औषधांचें. स्नायु आकसण्यास कॅल्शियम पेशींत शिरावें लागतें. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, निफेडिपिन हीं औषधें तो दरवाजाच अडवितात. झटका पहांटे येतो, म्हणून सावकाश विरघळणारी गोळी पुष्कळदां निजतांना देतात. तेवढ्यानें न भागल्यास दीर्घकाळ टिकणारें नायट्रेट जोडतात. मात्र शरीरास त्याची लवकर संवय होते, यास्तव दिवसांतले कांहीं तास तें मुद्दाम चुकवावें लागतें.

येथें एक गोष्ट एकत्र कुटुंबांस विशेष सांगावीशी वाटते. आपल्याकडे औषधांची पेटी सामाईक असते. श्रमानें येणाऱ्या हृच्छूलास प्रोप्रॅनोलॉलसारखीं औषधें उपयोगी पडतात. पण पेटक्याच्या रोग्यास तींच उलटूं शकतात. काकांस लागू पडलेली गोळी पुतण्यास देणें हा प्रेमाचा प्रकार असला तरी घातक आहे.

खरा धोका मात्र निराळाच. चार-सहा महिने कळ आली नाहीं कीं कोणीतरी म्हणतें, "आतां ठणठणीत आहेस, उगाच संवय कशास?" ही शांतता पुष्कळदां त्या गोळीचीच असते. औषध एकाएकीं तोडल्यास पेटके पुन्हां, प्रसंगीं अधिक जोरानें, येऊं शकतात. कांहींचा विकार वर्षांनीं शमतो, हें खरें. परंतु मात्रा कमी करणें तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू. घोटे सुजतात, डोकें दुखतें, व्हेरापामिलनें मलावरोध होतो, म्हणून कित्येकजण मुकाट्यानें औषध सोडतात. त्यापेक्षां तक्रार सांगावी. औषध बदलतां येतें. एकादशीस गोळीचाही उपास करण्याची पद्धत तर आम्हांस कधींच उमगली नाहीं. आणि विडी-सिगारेट चालू ठेवून गोळ्या घेणें म्हणजे एका हातानें आग विझवून दुसऱ्यानें तेल ओतणें होय. धूम्रपान हें या पेटक्याचें ठळक कारण आहे.

जिभेखालच्या गोळ्या मूळच्या कांचेच्या बाटलींतच, बूच घट्ट लावून ठेवाव्या. उघड्या राहिल्यास त्यांचा जोर जातो. गोळी बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून भोंवळ येते. पांच मिनिटांत कळ न ओसरल्यास उजाडण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. बाटली कोठें आहे, हें घरांतल्या शाळकरी मुलांसही ठाऊक असावें.