पिकअपला जास्त हवा खेचणारा एअर फिल्टर घालावा का? पैसे मोजण्याआधी हा हिशोब बघा



मागच्या व्हिडिओत आपण पिकअपचा प्रति किलोमीटर खर्च काढला होता. सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा निघाला. तो बघितल्यावर मायलेज वाढवणारं काहीतरी बसवावं असं कुणालाही वाटणारच. मग मित्र सांगतो, "कॉटनचा परफॉर्मन्स फिल्टर घाल. गाडी मोकळा श्वास घेते, घाटात ओढ वाढते, डिझेल वाचतं, शिवाय धुऊन परत वापरता येतो." किंमत मात्र साध्या कागदी फिल्टरच्या कित्येक पट. घ्यायचा का?

आधी इंजिन काय करतं ते समजून घ्या. पेट्रोल गाडीत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा हवेचा दरवाजा उघडतो. डिझेलचं तसं नाही. तिथे हवा आधीच गरजेपेक्षा जास्त आत येत असते, टर्बो ती आणखी दाबून भरतो, आणि ताकद किती मिळणार हे इंजेक्टर किती डिझेल सोडतात त्यावर ठरतं. स्वच्छ कागदी फिल्टर काढून त्याहून मोकळा फिल्टर बसवला, तर थोडी जास्त हवा आत येईल. पण तिच्याबरोबर जाळायला जास्तीचं डिझेल कंपनीने सोडलेलंच नाही! म्हणून ताकद जवळपास तेवढीच राहते. हे फिल्टर गाजले ते रेसच्या गाड्यांमुळे. के अँड एन ही त्यातली प्रसिद्ध कंपनी, १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. ट्यूनिंग करून डिझेल वाढवलेल्या गाडीला त्यांचा उपयोग आहे. द्राक्षाचे क्रेट वाहणाऱ्या गाडीचं काम वेगळं.

आता हवेचा आकडा बघू. अडीच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा ओढतं. २,५०० आरपीएमला टर्बो न धरताही हे मिनिटाला ३,१२५ लिटर होतं, म्हणजे तासाला जवळजवळ पावणेदोन-दोन लाख लिटर. ही हवा कुठली? दिंडोरी-निफाडच्या बांधावरची, बागेपर्यंत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरची, लासलगाव-पिंपळगावला कांद्याच्या लिलावात उडणाऱ्या धुळीतली. सीझनला तुमची गाडी हीच हवा खाते.

इथेच खरी गोम आहे. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८ टक्के. ऐकायला फरक दीड टक्क्याचा. पण १०० ग्रॅम धूळ आली तर पहिल्यातून अर्धा ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून २ ग्रॅम. चौपट! ही धूळ लायनर आणि रिंगा पॉलिश पेपरसारखी घासते. लगेच काही कळत नाही. काही महिन्यांनी ऑइल कमी व्हायला लागतं, ब्रीदरमधून धूर येतो, सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो, आणि तोवर इंजिनकाम दारात आलेलं असतं. हवा मोकळी सोडायची तर जाळी मोठी लागते, आणि जाळी मोठी की बारीक धूळ पार होते. कॉटनवर तेल लावतात ते धूळ चिकटावी म्हणूनच. ते तेल कमी पडलं तर धूळ जाते, जास्त झालं तर पुढे उडतं आणि बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टरच्या पुढेच बसवलेल्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं. सेन्सर चुकीचं रीडिंग देतो आणि मग डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर हे डोकेदुखीचं काम आहे, आणि वॉरंटीचा वाद होऊ शकतो तो वेगळाच. (जुन्या महिंद्रा जीपमध्ये तेलाची वाटी असलेला एअर क्लीनर यायचा, तो प्रकार निराळा. त्याच्याशी याची तुलना करू नका.)

"पण सर, माझी गाडी घाटात खरंच दम तोडते." बरोबर असेल. वाशीला माल उतरवून, भिवंडीचं परतीचं भाडं भरून कसारा घाट चढताना काळा धूर सोडत असेल, तर हवा कमी पडतेय. पण ती फिल्टर कागदी आहे म्हणून नाही, तो बुजलाय म्हणून. किंवा टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज फाटलाय, क्लॅम्प ढिला आहे. आधी हे बघा. शंभर-दोनशेच्या क्लॅम्पचा आजार महागड्या फिल्टरने बरा होत नाही.

मग जास्त हवा देणारा चांगला फिल्टर निवडायचा कसा? कागदीच घ्या, पण घड्या मोजा. बाहेरून एकाच मापाचे दोन फिल्टर शेजारी ठेवले तर एकात घड्या दाट असतात, दुसऱ्यात विरळ. घड्या जास्त म्हणजे कागदाचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे हवेला वाट मोठी आणि धूळ साठायला जागा जास्त. घड्या सरळ, सारख्या अंतरावर हव्यात, एकमेकींना चिकटलेल्या नकोत. मग कडेचं रबर दाबून बघा. ते मऊ असावं आणि सोडल्यावर परत फुगावं. कडक रबर हाउसिंगमध्ये नीट बसत नाही, आणि कडेने शिरणारी हवा कुठलाच कागद गाळत नाही. पार्ट नंबर गाडीच्या पुस्तकाशी जुळवा आणि पक्कं बिल घ्या. डुप्लिकेट माल बहुतेक बिलाशिवायच विकला जातो.

पैशाचा हिशोब करू. समजा कागदी फिल्टर ६०० रुपयांचा आणि तो २०,००० किलोमीटर चालला, तर खर्च किलोमीटरला ३ पैसे. धुळीच्या कामात निम्म्यात, १०,००० वर बदलला तरी ६ पैसे. आता दुसरी बाजू. महिना ३,००० किलोमीटर, १२ चं मायलेज, म्हणजे २५० लिटर. ९० रुपयांचा भाव धरला तर २२,५०० रुपये. मित्र म्हणतो तशी २ टक्के बचत झाली, असं वादापुरतं धरू. महिन्याला ४५० रुपये. ६,००० चा फिल्टर वसूल व्हायला तेरा-चौदा महिने, तेही बचत झालीच तर. आणि इंजिन उघडावं लागलं तर? पार्ट आणि मजुरी सोडा. मार्चमध्ये, ऐन द्राक्षाच्या तोडणीत, गाडी १५ दिवस गॅरेजला उभी. दिवसाला १,५०० सुटत असतील तर २२,५०० गेले, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

तुमच्यापैकी जे स्पेअरचं दुकान टाकायच्या तयारीत आहेत त्यांना एक सांगतो. महागड्या फिल्टरवर मार्जिन जास्त असतं, हे खरं. हौसेची गाडी घेऊन कुणी आला आणि त्याला तोच हवा असेल तर जरूर विका, सोबत धुण्याचं-तेल लावण्याचं किटही द्या. पण मालवाहतुकीवाल्याला विकू नका. तो वर्षाला दोन-तीन कागदी फिल्टर, ऑइल, डिझेल फिल्टर असं तुमच्याकडून घेणारा माणूस आहे.

बसवल्यावरची काळजी छोटी आहे. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट कागदाला लावायची नाही, त्याने डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. उगाच रोज उघडायचाही नाही. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ पलीकडे पडतेच. मोठ्या ट्रकांत एअर क्लीनरवर छोटा इंडिकेटर असतो, तो लाल झाला की फिल्टर बदला. तिथे आत दुसरा सेफ्टी फिल्टर असेल तर तो साफ करत बसू नका, सरळ नवा टाका.

आणि एक तपासणी आजच करा. फिल्टर काढा, त्याच्या पुढच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ आलं तर सगळं ठीक. मातकट आलं तर कुठूनतरी धूळ आत जातेय. रबर, हाउसिंगच्या क्लिपा आणि पाइपचे क्लॅम्प या क्रमाने बघत जा. नवीन फिल्टर बसवला की त्याच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी हिशोब गाडीतच राहील.

पुढच्या व्हिडिओत डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी.