उसन्या चौकटीवरचे काम

सुताराने रंधा विकत घेतला की तो त्याचा झाला. ज्या कारखान्यात तो रंधा घडला तो कारखाना उद्या बंद पडला, तरी सुताराच्या हातातील रंधा चालावयाचा थांबत नाही. पाते झिजले तर गावचा लोहार त्याला धार लावून देतो. शिंप्याचे यंत्र, कुंभाराचे चाक, छापखान्याचे खिळे यांविषयीही आपला अनुभव असाच आहे. परंतु एका नव्या व्यवसायात हत्यार आणि कारागीर यांचा हा जुना संबंध पार बदलून गेला आहे. मोबाइलवर चालणारी अ‍ॅप तयार करणे हा तो व्यवसाय होय. येथे कारागिराचे मुख्य हत्यार त्याच्या मालकीचे नसते. दूरदेशीची एखादी कंपनी ते सतत दुरुस्त करीत राहते म्हणून ते चालते, आणि तिने हात आखडता घेतला की ते हळूहळू निकामी होऊ लागते. हे कसे घडते, आणि पेडणे-डिचोलीसारख्या भागात दोन-चार माणसांच्या बळावर हा व्यवसाय करू पाहणाऱ्यांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम हे हत्यार म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील बहुतेक मोबाइल दोन जातींचे असतात. एक गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे आणि दुसरे अ‍ॅपल कंपनीचे आयफोन. या दोहोंची भाषा भिन्न. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा या भाषांत लिहावे लागते, तर आयफोनसाठी स्विफ्ट या भाषेत. आता समजा, डिचोलीतील एखाद्या पतसंस्थेला आपल्या सभासदांसाठी अ‍ॅप हवे आहे. किंवा पेडण्यातील मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना खोल्या देणारी काही कुटुंबे एकत्र येऊन आरक्षणाची सोय करू इच्छितात. ग्राहकांपाशी दोन्ही जातींचे फोन असणारच. तेव्हा एकच काम दोनदा लिहावे लागणार, दोनदा तपासावे लागणार आणि पुढची प्रत्येक दुरुस्तीही दोनदा करावी लागणार. मोठ्या कंपनीला हे परवडते. लहान व्यावसायिकाला ते परवडत नाही, आणि त्याच्या गिऱ्हाइकाला तर मुळीच परवडत नाही.

या अडचणीतून निघालेला मार्ग म्हणजे दोन्ही प्रणालींवर चालणारी चौकट. व्यवसायात तिला फ्रेमवर्क असे म्हणतात. काम एकदाच, एकाच भाषेत लिहावयाचे. ते दोन्ही प्रणालींना समजेल असे करून देण्याची जबाबदारी चौकटीची. थोडक्यात, ही चौकट म्हणजे एक दुभाषी होय. परंतु ज्या दोन भाषांमध्ये तिने मध्यस्थी करावयाची, त्या दोन्ही भाषा दरवर्षी बदलत असतात. दुभाष्याने नवे शब्द शिकणे सोडले की एक दिवस त्याचे बोलणे समोरच्याला कळेनासे होते. हे अखंड शिकत राहणे म्हणजेच चौकटीची देखभाल.

देखभाल ही काय वस्तू आहे, हे गोमंतकीयाला खाजनाच्या बांधावरून चटकन उमगेल. नदीकाठची खाजन शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असतात. मातीचा बांध आणि मानशीची दारे त्यांचे रक्षण करतात. हा बांध एकदा घालून मोकळे होता येत नाही. खेकडे त्यात बिळे पाडतात, लाटा माती खातात, पावसाळा त्याला खचवितो. म्हणून पुनःपुन्हा त्यावर माती चढवावी लागते. कोणी फिरकले नाही म्हणून बांध दुसऱ्या दिवशी फुटत नाही. परंतु दुर्लक्ष चालूच राहिले तर एखाद्या अमावास्येच्या उधाणाला खारे पाणी शेतात शिरते, आणि मग बांधावर घालावयाच्या मातीपेक्षा कितीतरी अधिक नुकसान एका रात्रीत होते.

चौकटीच्या बाबतीत ही भरती म्हणजे गूगल आणि अ‍ॅपल यांचे दरसालचे नवे नियम. दोन्ही कंपन्या दरवर्षी आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती काढतात आणि आपल्या दुकानात ठेवावयाचे अ‍ॅप त्या मानाने अद्ययावत असावे असा आग्रह धरतात. अ‍ॅपलने २४ एप्रिल २०२५ पासून नवी अ‍ॅप आणि जुन्या अ‍ॅपच्या सुधारित आवृत्त्या एक्सकोड १६ या साधनाने बनविलेल्या असल्या पाहिजेत, असा नियम केला. गूगलने ३१ ऑगस्ट २०२५ पासून त्या अँड्रॉइड १५ ला अनुसरून असाव्यात, असे ठरविले. वापरणाऱ्याची सुरक्षितता आणि खासगी माहितीचे रक्षण हा या नियमांमागील एक प्रमुख हेतू आहे, तेव्हा त्यांना सरसकट जुलमी म्हणता येणार नाही. परंतु ज्याची चौकट मागे राहिली त्याची मात्र कोंडी होते. लोकांच्या फोनमध्ये असलेले अ‍ॅप त्या दिवशी बंद पडत नाही. ते चालू राहते, आणि म्हणूनच धोका दिसत नाही. मात्र त्यात एखादी चूक आढळली, तर ती सुधारून पाठविण्याचा दरवाजा बंद झालेला असतो. पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये पैशांच्या व्यवहाराला बाधा आणणारे छिद्र सापडले आणि ते बुजविणारी आवृत्ती सभासदांपर्यंत पोचविताच येत नाही, अशी स्थिती आली तर संस्थेच्या चालकांनी कोणाकडे पाहावे?

ही केवळ कल्पना नव्हे. झामारिन या चौकटीचा इतिहास या दृष्टीने मनन करण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टची डॉट नेट ही प्रणाली इतर यंत्रांवरही चालावी म्हणून मिगेल दे इकाझा आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये मोनो नावाचा मुक्त प्रकल्प हाती घेतला. पुढे हे काम नॉव्हेल या कंपनीच्या आश्रयाने चालले. २०११ मध्ये नॉव्हेल दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि मोनोवर काम करणाऱ्यांना निरोप मिळाला. त्याच मंडळींनी त्या वर्षी मे महिन्यात झामारिन ही कंपनी काढली. म्हणजे या चौकटीचा जन्मच मुळी आश्रय सुटण्यातून झाला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि चौकटीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. जगातील एक बलाढ्य कंपनी पाठीशी उभी राहिल्यावर चिंता कसली, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु मे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने झामारिनचा वारस म्हणून डॉट नेट माउई या नव्या चौकटीची घोषणा केली. ती मे २०२२ मध्ये बाहेर पडली, आणि १ मे २०२४ रोजी झामारिनची देखभाल संपली. अँड्रॉइडची १४ वी आवृत्ती आणि अ‍ॅपलचे एक्सकोड १५ हा झामारिनचा शेवटचा मुक्काम ठरला. आता ही माहिती वर सांगितलेल्या नियमांशेजारी ठेवून पाहावी. अ‍ॅपलने १६ व्या एक्सकोडचा आणि गूगलने १५ व्या अँड्रॉइडचा आग्रह धरताच झामारिनवर उभारलेल्या अ‍ॅपची वाट दोन्हीकडून अडली. झामारिनचा मूळ मजकूर आजही वाचावयास मिळतो. तो कोणी जाळून टाकलेला नाही. परंतु बांध जागेवर असणे निराळे आणि त्यावर माती घालणारे हात असणे निराळे.

वारस चौकटीची गोष्टही समजून घेण्याजोगी आहे. डॉट नेटची ८ वी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली. तिच्या पायाभूत भागाला तीन वर्षांची, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पर्यंतची देखभाल ठरवून दिलेली होती. पण त्याच आवृत्तीबरोबर आलेल्या माउईची देखभाल मात्र १४ मे २०२५ रोजी, अवघ्या अठरा महिन्यांत संपली. ज्याने पायाची मुदत वाचली आणि भिंतीची वाचली नाही, त्याचा हिशोब येथे चुकला. त्याच मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने जगभरातील सुमारे ६,००० नोकऱ्या कमी केल्या, आणि माउईवर अवलंबून असणाऱ्यांत तिच्या भवितव्याविषयी शंका व्यक्त होऊ लागल्या. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉट नेटच्या १० व्या आवृत्तीबरोबर माउईचीही नवी आवृत्ती आली, हेही येथे नमूद केले पाहिजे. तेव्हा चौकट बुडाली, असे म्हणणे खोटे ठरेल. आणि शंका निराधार होती, असे म्हणणेही धाडसाचे होईल.

अन्य चौकटींची कथा फारशी वेगळी नाही. अडोबी कंपनीने २०११ मध्ये फोनगॅपची जननी असलेली नितोबी ही कंपनी घेतली, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी फोनगॅपची बांधणीसेवा बंद केली. मात्र तिचा गाभा अपाची या संस्थेच्या स्वाधीन झालेला होता, आणि तो कॉर्डोव्हा या नावाने पुढे चालू राहिला. गूगलच्या फ्लटर चौकटीवर काम करणाऱ्या काहींच्या नोकऱ्या २०२४ मध्ये गेल्या. त्याच वर्षी काही असंतुष्टांनी त्याच मजकुरावरून फ्लॉक नावाची वेगळी शाखा काढल्याचे जाहीर केले. फेसबुकने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या बाबतीत ऑक्टोबर २०२५ मध्ये निराळे पाऊल पडले. तिचा कारभार एका कंपनीच्या हातून काढून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपविण्याची घोषणा झाली. या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कंपनी मोठी आहे एवढ्यावरून चौकटीचे आयुष्य ठरत नाही. त्या कंपनीच्या व्यवहारात त्या चौकटीचे स्थान काय, यावरून ते ठरते.

दुसऱ्याच्या निर्णयावर आपली उपजीविका टांगलेली असणे म्हणजे काय, हे डिचोलीकरांना शिकविण्याची गरज नाही. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह त्यांना वाट मोकळी करून दिली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून खनिज काढणे पुन्हा थांबले. त्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेचा हा विषय नव्हे. परंतु ज्यांनी कर्ज काढून खनिज वाहण्यासाठी ट्रक घेतले होते, त्यांच्या दारात ते उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. खाणपट्टा ट्रकमालकाचा नव्हता, पण तोटा त्याच्याही वाट्याला आला. एकाच चौकटीवर सर्व ज्ञान आणि सर्व गिऱ्हाइके उभी करणारा अ‍ॅपकार काहीसा अशाच स्थितीत असतो. फरक एवढाच की, त्याला सावध होण्यास पुष्कळदा वेळ मिळतो आणि काही उपायही त्याच्या हाती असतात.

पहिला उपाय म्हणजे कामाची दोन भागांत विभागणी करणे. व्याज कसे मोजावयाचे, खोली कोणत्या तारखांना मोकळी आहे, पावती कशी काढावयाची, हे व्यवहाराचे नियम चौकटीपासून अलग लिहून ठेवावेत. बटणे, पडदे, रंग आणि कॅमेऱ्याशी बोलणे एवढेच चौकटीकडे सोपवावे. मग चौकट बदलावी लागली तरी घराचे दर्शनी दार तेवढे बदलते, पाया उकरावा लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे चौकट निवडताना तिच्या गुणांबरोबर तिच्या आयुष्याचीही चौकशी करणे. देखभालीची मुदत लेखी जाहीर केलेली आहे काय? तिच्यावर एकाच कंपनीची माणसे काम करतात की अनेक ठिकाणची? ती कंपनी स्वतःची महत्त्वाची अ‍ॅप त्याच चौकटीवर चालविते काय? कळविलेल्या चुका दुरुस्त होण्यास किती काळ लागतो? या चार प्रश्नांची उत्तरे बहुधा उघडपणे मिळू शकतात. ती शोधण्यास एक दिवस पुरतो. तिसरा उपाय, आपल्या मदतीला घेतलेल्या परक्या जोडभागांची संख्या कमी ठेवणे. चौकट पुढे सरकली तरी असा एखादा जोडभाग मागे राहून सारे काम अडवितो. आणि चौथा, मुळात अ‍ॅप हवेच काय, याचा विचार करणे. पुष्कळ लहान कामांना ब्राउझरमध्ये उघडणारे साधे संकेतस्थळ पुरेसे असते, आणि त्याला कोणाच्या दुकानाची परवानगी लागत नाही.

याच्या उलट, एखादी वाईट बातमी येताच घाबरून सगळे काम नव्या चौकटीत पुन्हा लिहावयास घेणे हेही शहाणपणाचे नाही. नव्या चौकटीलाही मुदत असतेच, आणि पुनर्लेखनात जुन्या चुका नव्याने जन्म घेतात. शक्यतो जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेपूर्वी एक वर्ष तरी हातात ठेवून, टप्प्याटप्प्याने स्थलांतर करणे हा मध्यम मार्ग होय.

एक गोष्ट गिऱ्हाइकांसाठीही सांगितली पाहिजे. अ‍ॅप म्हणजे एकदा बांधून घेतलेला कट्टा, अशी समजूत सर्वत्र आढळते. त्यामुळे करारात तयार करण्याची किंमत असते, सांभाळण्याची नसते. आणि दोन वर्षांनी नियम बदलले की बनविणारा व बनवून घेणारा यांच्यात वाद होतो. त्यात दोघेही प्रामाणिक असू शकतात. डिचोलीचे सरकारी तंत्रनिकेतन असो वा पेडण्यातील विर्नोड्याचे सरकारी महाविद्यालय असो, तेथून बाहेर पडून आपल्याच तालुक्यात काही करू पाहणाऱ्या तरुणाला पणजी किंवा पुण्याच्या मोठ्या कंपनीशी भांडवलात स्पर्धा करता येणार नाही. परंतु आपल्या कामाचा भार कोणत्या चौकटीवर आहे, तिची मुदत केव्हा संपते आणि त्यानंतरचा खर्च किती येईल, हे तो पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला लिहून देऊ शकतो. बनवून घेणाऱ्याने किंमत विचारताना हेही विचारावे, आणि ती तारीख करारपत्रावर सहीच्या वर असावी, खाली नव्हे.