लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेताय? आधी हे तपासा

बुलडाणा : लग्नसराईत आता अल्बमसोबत फोटोग्राफर पेनड्राइव्हही देतो. चिखली असो की मेहकर, पाहुण्यांना फोटो वाटायला तोच सोयीचा. फसगत होते ती ‘२ टीबी’ लिहिलेल्या स्वस्त मालात. आतली चिप असते जेमतेम ८-१६ जीबीची, कॉम्प्युटरला मात्र खोटा आकडा दाखवते. जागा संपली तरी कॉपी चालूच राहते, फाइलींची नावंही दिसतात, अन् उघडायला गेलं की फोटोच नाही! म्हणून नवा पेनड्राइव्ह ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासावा. ६४ जीबीचा कॉम्प्युटरवर ५९ च्या आसपास दिसतो, ती मात्र फसवणूक नाही. मोजायची रीत वेगळी आहे.

घरात मोबाइलच असेल तर टाइप-सी पिनचा घ्या. ४ जीबीहून मोठा व्हिडिओ फॅट३२ वर बसत नाही, एक्सफॅट लागतो. जुना टीव्ही तो वाचेलच असं नाही. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा ते फोटो टाकण्याआधीच उरका.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पेनड्राइव्हमधला डेटा उडू शकतो. आजीचा शेवटचा फोटो त्याच लग्नातला असेल, तर दुसरी प्रत हार्डडिस्कवर हवीच, तीही फोटोग्राफरने आपल्याकडची मूळ फाइल पुसायच्या आत.