पांच अक्षरांची वाडी

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल गाडी देहूरोड सोडून पुढें आली कीं बेगडेवाडीचें स्थानक लागतें. पुढचें स्थानक घोरावाडी आणि त्यापुढचें तळेगाव. रोजचे प्रवासी सोडले तर या नांवाकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु आगगाडीचें वेड असलेल्या मंडळींकरितां कोणी कोडें रचावयास बसला, तर असें आडबाजूचें नांव त्यास हमखास मोहांत पाडतें. समजा, त्यानें लिहिलें, ‘पुणे ते लोणावळा या मार्गावरील पांच अक्षरांची वाडी ओळखा.’ बे, ग, डे, वा, डी. अक्षरें पांच भरलीं. रचणाऱ्याचें समाधान झालें आणि कोडें आंतरजालावर प्रसिद्ध झालें. थोड्याच वेळांत एक उत्तर येतें, ‘कासारवाडी’. अक्षरें मोजून पाहावींत, तों तींही पांचच! आतां चुकलें कोण?

या प्रश्नाचें उत्तर ज्याला प्रामाणिकपणें देतां येईल, त्यानेंच कोड्यांचा शोधखेळ रचण्यास हात घालावा.

शोधखेळ म्हणजे सुटीं कोडीं नव्हेत. त्यांत प्रत्येक कोड्याचें उत्तर एखादा शब्द असतो, आणि ते सारे शब्द एकत्र आणले म्हणजे त्यांतून शेवटचें कोडें उभें राहतें. सूचना बहुधा दिलेल्या नसतात. काय करावयाचें हें ओळखणें हाच अर्धा खेळ असतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९८१ सालीं असा खेळ सुरू झाला. संस्थेच्या आवारांत दडविलेलें नाणें शोधून काढावयाचें, आणि जो संघ तें शोधील त्यानेंच पुढच्या वर्षीचीं कोडीं रचावयाचीं, असा तेथील रिवाज आहे. इंदूरच्या भारतीय प्रबंध संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं रचलेला ‘क्लूलेस’ हा खेळ तर सर्वस्वीं आंतरजालावरचाच. अशा खेळाला एखाद्या विषयाच्या चाहत्यांचें मंडळ लाभलें तर तो अधिकच रंगतो, कारण सर्वांच्या प्रेमाचा विषय एकच असतो. आगगाडीपुरतें बोलावयाचें तर ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’ हें चाहत्यांचें मंडळ १९८९ पासूनचें आहे.

कोडें आणि गुपित यांतील भेद येथें ध्यानांत घेतला पाहिजे. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. परक्यास ते वाचतां येऊं नयेत, हाच त्या लिप्यांचा हेतु होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांनीं त्यांची उकल केली, तेव्हां कोठें तें वाङ्मय बाहेरच्या वाचकांस खुलें झालें. शोधखेळांतील संकेत याच्या नेमका उलट असतो. तो सुटावा म्हणूनच रचलेला असतो. रचणारा व सोडविणारा हे प्रतिस्पर्धी दिसतात खरे, परंतु येथें रचणाऱ्यानें शेवटीं हरावयाचें असतें; मात्र सहजासहजीं नव्हे.

चाहत्यांच्या मंडळांत हें विसरण्याचा धोका फार. ज्याला अधिक माहिती त्यानें इतरांस अडवावें, असा मोह तेथें होतो. ‘बोरघाटांतील लोहमार्ग कोणत्या सालीं खुला झाला?’ हा प्रश्न जाणत्यास क्षुल्लक, आणि नवख्यासही क्षणभराचाच; कारण आंतरजालावर शोधतांच १८६३ हें साल हातीं येतें. त्यांत विचार असा कोणालाच करावा लागत नाहीं. आतां याच माहितीचें कोडें करून पाहावें. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ सालींच खुला झाला होता. म्हणजे पांच वर्षें घाटाखालीं आगगाडी, घाटावर आगगाडी, आणि मध्यें खंड. मधोमध तुटलेली रुळांची रेघ काढून त्या खंडांत पांच रिकामीं घरें दाखविलीं, तर तीं पांचच कां, याचा उलगडा दोन सालें ताडून पाहणाऱ्यास होईल. जाणत्यास त्यांत ओळखीचा आनंद मिळतो आणि नवख्यास शोधाचा. माहिती सर्वांस मिळण्यासारखी असावी. कस लागावा तो निरीक्षणाचा.

चांगल्या कोड्याचें दुसरें लक्षण असें कीं, उत्तर बरोबर आल्याची ग्वाही उत्तरच देतें. समजा, तीन कोड्यांचीं उत्तरें शिवाजीनगर, कासारवाडी आणि पिंपरी अशीं आलीं आणि त्यांच्यासोबत अनुक्रमें १, १ व ३ हे आंकडे होते. पहिल्या नांवाचें पहिलें अक्षर ‘शि’, दुसऱ्याचें पहिलें ‘का’ आणि तिसऱ्याचें तिसरें ‘री’, मिळून ‘शिकारी’. स्थानकांचा क्रमही मार्गावर आहे तोच. एखाद्यानें कासारवाडीऐवजीं शेजारचें दापोडी घेतलें तर ‘शिदारी’ असा निरर्थक शब्द होतो, आणि कोणासही न विचारतां आपली चूक त्यास कळून येते.

मराठीत असा खेळ चालविणाऱ्यास आणखी एक दक्षता घ्यावी लागते. उत्तर तपासणारें यंत्र अर्थ जाणत नाहीं, तें केवळ अक्षरांचे संकेतांक ताडून पाहतें. फलकावर ‘तळेगाव’ असतें. जुन्या वळणानें लिहिणारा ‘तळेगांव’ लिहितो. ‘ॲ’ हें अक्षर तर छापल्यावर एकसारखेंच दिसलें तरी संगणकांत दोन तऱ्हांनीं सांठविलें जाऊं शकतें: एकदां अखंड अक्षर म्हणून, एकदां ‘अ’ आणि वरचा चंद्र मिळून. ज्यानें कोडें सोडविलें त्याला यंत्रानें टंकलेखनापायीं नापास करावें, याहून मोठा अन्याय या खेळांत नाहीं. यासाठीं अशीं सर्व रूपें आधींच एक मानून ठेवावीं लागतात.

एवढें करूनही रचणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहींत, कारण उत्तर त्याला अगोदरच ठाऊक असतें. म्हणून प्रसिद्धीपूर्वीं प्रत्येक कोडें दोन-तीन अनभिज्ञ माणसांपुढें ठेवावें आणि तीं अडखळत असतां आपण गप्प बसावें. हें गप्प बसणें फार कठीण असतें. पण खेळ सुरू झाल्यावर सोडविणाऱ्यांचे चेहरे दिसणार नसतात. न्यू जर्सींतील मराठी घरांत संध्याकाळ असते तेव्हां मावळांत पहाट झालेली असते. तेथें कोणी अडला तर त्याला धीर देण्यास जवळ कोणी नसतें. यासाठीं पायरीपायरीनें उलगडणाऱ्या सूचना आगाऊ लिहून ठेवाव्यात, आणि दुरुस्ती करावी लागलीच तर ती सर्व संघांना एकाच वेळीं कळवावी.

आतां त्या पांच अक्षरांच्या वाडीकडे वळावें. चूक कासारवाडी लिहिणाऱ्याची नव्हतीच. कोडें प्रसिद्ध झालेलें असेल तर दोन्ही उत्तरें मान्य करणें हाच न्याय. प्रसिद्धीपूर्वीं ध्यानांत आलें तर चार शब्दांनीं काम भागतें: ‘पांच अक्षरांची वाडी, शेजारीं चार अक्षरांची वाडी.’ कासारवाडीच्या एका बाजूस दापोडी, दुसऱ्या बाजूस पिंपरी. वाडी कोणतीच नाहीं. बेगडेवाडीच्या शेजारीं मात्र घोरावाडी आहे. आतां उत्तर एकच उरतें. रोज तेथून जाणारा प्रवासी तें वाचून क्षणभर थांबेल, बोटांवर अक्षरें मोजील आणि म्हणेल, हें तर कायम डोळ्यांसमोरच होतें! सोडविणाऱ्याच्या तोंडून हे उद्गार निघाले, म्हणजे रचणाऱ्याचे श्रम सार्थकीं लागले.