तिसऱ्या उकडलेले पाणी : वापरावे कधी, टाकावे कधी?

कोकणच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून तिसऱ्या, मुळे, खुबे वेचणाऱ्या स्त्रिया हे नित्याचे दृश्य होय. घरी आणलेल्या तिसऱ्या काही तास खारट पाण्यात ठेवून त्यांतील रेती काढली जाते. मग थोड्या पाण्यात त्या उकडतात. शिंपा उघडतात आणि पातेल्यात दुधट, खारट, चवदार पाणी साचते. हे पाणी जाणती गृहिणी फेकत नाही. तळाची रेती मागे ठेवून ती ते अलगद निवळून घेते आणि त्याच दिवशीच्या कालवणात घालते. ही रीत योग्यच आहे. मांसातील प्रथिने, क्षार आणि चव यांचा बराच अंश त्या पाण्यात उतरलेला असतो.

प्रश्न उद्भवतो तो हे पाणी उरवून ठेवल्यावर. पर्यटनाबरोबर किनाऱ्यावरील गावांत घरगुती खाणावळी आणि निवास-न्याहारीची सोय करणारी घरे वाढली आहेत. एका पंगतीसाठी कोळंबी, खेकडे वा तिसऱ्या उकडल्या की तेच पाणी पुढच्या पंगतीला, किंवा रात्रीचे पाणी सकाळी वापरण्याचा मोह तेथे होतो. पुन्हा खळखळून उकळले की सारे जंतू मरतात, ही त्यामागील समजूत. ती अर्धीच खरी आहे.

साधे पाणी आणि हे पाणी यांत मूलतः फरक आहे. यात विरघळलेली प्रथिने असल्याने जंतूंना ते आयते अन्न ठरते. उकळी येताच बहुतेक जंतू मरतात हे खरे. परंतु क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, बॅसिलस सिरियस यांसारख्या जंतूंची बीजाणुरूपे उकळीतूनही तग धरतात. पाणी कोमट होऊ लागले की ती जागी होतात. ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास क्लॉस्ट्रिडियमची संख्या सुमारे दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. वीस लिटरचे झाकलेले पातेले रात्रभर चुलीवर राहिले, तर ते नेमके याच तापमानात कित्येक तास रेंगाळते. खाणावळीचे मोठे भांडे घरच्या लहान पातेल्यापेक्षा अधिक जोखमीचे, ते यामुळेच.

सकाळी ते पुन्हा उकळल्यास वाढलेले जंतू मरतील. पण बॅसिलस सिरियसच्या काही प्रकारांनी आणि हाताच्या जखमेतून वा नाकातून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसने पाण्यात सोडलेले विष उकळीने नष्ट होत नाही. जंतू मेले, विष मात्र राहिले, अशी ती स्थिती असते.

उकडलेली वस्तू एकदा शुद्ध झाली म्हणून ती शुद्धच राहते, असेही नाही. १९५० साली जपानमधील ओसाका येथे उकडून अर्धवट वाळविलेल्या बारीक मासळीमुळे २७२ जण आजारी पडले व २० जण दगावले. त्याचा शोध घेताना फुजिनो यांना व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा मिठाच्या पाण्यात वाढणारा जंतू सापडला. उकळीत तो सहज मरतो. परंतु कच्च्या मासळीची टोपली, विळी किंवा हात उकडलेल्या पाण्याला लागला की तो त्यात पुन्हा शिरतो, आणि खारट, कोमट पाणी त्याला विशेष मानवते.

शिंपा उघडल्या म्हणजे पाणी पुरेसे उकळले, असेही समजू नये. शिंपा त्याआधीच उघडू शकतात. १९८८ साली शांघायमध्ये गरम पाण्यातून नुसत्या काढलेल्या शिंपल्या खाल्ल्याने सुमारे तीन लाख लोकांना काविळीची लागण झाली. तिसऱ्यांच्या आतपर्यंत ९० अंशांची उष्णता किमान दीड मिनिट पोहोचली पाहिजे. निवळून घेतलेले पाणी कालवणात घातल्यावर ते पुन्हा चांगले उकळते, हा जुन्या रीतीचा एक गुण म्हणावा लागेल.

सर्वांत गंभीर बाब जंतूंची नाही. समुद्रातील काही सूक्ष्म शैवालवर्गीय जीव विष तयार करतात. शिंपल्यावर्गीय प्राणी पाणी गाळून अन्न घेत असल्याने ते विष त्यांच्या मांसात साठते. १९८१ साली तामिळनाडूत तिसऱ्यांच्याच जातीतील शिंपल्या खाल्ल्याने तीन जण मृत्युमुखी पडले आणि ८५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. १९९७ साली केरळातील विळिंजम येथे सात जणांचा बळी गेला. हे विष उकळीने नाश पावत नाही. उलट ते पाण्यात विरघळते. म्हणजे मांसातील विष काहीसे कमी होते आणि पातेल्यातील पाण्यात ते उतरते. पाणी आटविल्यास त्याची तीव्रता वाढते. चव, वास वा रंग यांवरून ते ओळखता येत नाही. समुद्राचे पाणी तांबूस दिसणे हा एक इशारा खरा, पण दर वेळी तो मिळतोच असे नाही. ओठ व बोटे यांना मुंग्या येणे, बधिरता आणि नंतर श्वासोच्छ्वास मंदावणे ही लक्षणे होत. या विषावर उतारा नाही. रुग्णास कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात तात्काळ नेणे हाच उपाय. शिंपल्या खाऊन कोणी आजारी पडल्याचे वृत्त असेल, तर त्या भागातील शिंपल्या आणि त्यांचे पाणी, दोन्ही वर्ज्य करावीत.

कोळंबी-खेकड्यांची अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी, हा आणखी एक विषय. तिला कारणीभूत होणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेने नाहीसे होत नाही व पाण्यात उतरते. त्यामुळे त्या पाण्यात शिजविलेला भात वा बटाटे अशा व्यक्तीला निर्धोक नसतात. पाहुण्याला हे आधी सांगितले पाहिजे; ताटात कोळंबी दिसत नाही, म्हणून ती नाही असे त्याने गृहीत धरलेले असते.

पाणी ठेवायचेच असेल, तर ते ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे किंवा त्वरेने थंड झाले पाहिजे. गाळून उथळ भांड्यांत ओतावे, भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवावीत. दोन तासांत ते २१ अंशांपर्यंत आणि पुढील चार तासांत ५ अंशांखाली आले पाहिजे. शीतकपाटातील असे पाणी दुसऱ्या दिवशी संपवावे व एकदाच उकळून वापरावे. रात्री वीज बराच काळ गेली असेल, तर ते टाकून द्यावे. प्रत्येक उकळीगणिक पाणी आटून खारटपणाही वाढतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ध्यानात घ्यावयास हवे. रात्रभर चुलीवर राहिलेल्या पातेल्यातील पाणी मात्र, कितीही चवदार असले, तरी गार झालेले सरळ परसातील माडाच्या मुळाशी ओतावे.