राखीव श्वासाचा जमाखर्च

पाणबुड्याच्या पाठीवरील अकरा लिटरची टाकी दोनशे बार दाबापर्यंत भरली, म्हणजे तिच्यात मोकळ्या हवेच्या मापाने सुमारे २,२०० लिटर, वजनाने अडीच किलोग्रॅमहून थोडी अधिक हवा कोंबलेली असते. आणि शांत मनुष्याच्या श्वासाला मिनिटास वीस लिटर लागतात असे धरले, तर तीच हवा भूपृष्ठावर जवळजवळ दोन तास, परंतु तीस मीटर खोलीवर, जिथे भोवतालचा दाब चौपट होतो, अर्ध्या तासाहूनही कमी पुरते. हा हिशेब कोणासही मांडता येतो. तो कोलमडतो तो रबरी नळी फुटल्यावर, रेग्युलेटरची झडप उघडीच अडकून हवा अखंड वाहू लागल्यावर, किंवा दाबमापकाकडे पाहण्याचे भान सुटल्यावर. आणि अशा प्रसंगाची तजवीज म्हणून स्वतःची झडप व स्वतःचे मुखयंत्र असलेली एक वेगळी लहान टाकी पुष्कळ पाणबुडे जवळ बाळगतात. ही लहान टाकी पाठीवरच्या मोठीतूनच भरून घेता येते, ही गोष्ट सोयीची खरी. परंतु त्या सोयीबरोबर काय काय पदरात पडते, हे पाहण्याजोगे आहे.

राखीव हवेची कल्पना जुनीच. युद्धकाळात पेट्रोल दुर्मिळ झाले असता मोटारी वायूवर चालविण्यासाठी एमिल गान्यान या अभियंत्याने जी झडप बनविली होती, तिच्यापासून त्याने व जाक-ईव्ह कूस्तो या नौदल अधिकाऱ्याने पाण्याखालच्या श्वासोच्छ्वासाचे यंत्र सिद्ध केले आणि १९४३ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ते वापरून पाहिले. पाण्याखाली दाबमापक नेण्याची प्रथा त्या काळी सार्वत्रिक नसल्यामुळे, टाकीतला दाब वीस-तीस बारवर उतरला की स्प्रिंगच्या जोराने मिटू लागणारी एक झडप पुढे प्रचारात आली. श्वास जड झाला की पाणबुड्याने झडपेची दांडी ओढावी, उरलेली शिल्लक मोकळी करावी आणि वर निघावे. युक्ती चतुर होती. पण दांडी एखाद्या दोरात वा खडकात अडकून आधीच ओढली गेली असेल, तर शिल्लक मालकाच्या नकळत खर्ची पडत असे. शिवाय टाकी भरताना ती दांडी खाली ओढून ठेवण्याचे कोणी विसरले, तर भरणाच अपुरा होई. एकाच खजिन्याचा एक कोपरा राखीव म्हणून नेमण्यापेक्षा खजिनाच वेगळा असावा, हा विचार बळावला तो काही उगाच नव्हे.

भरण्याची रीत रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमावर चालते. दोन टाक्यांची तोंडे जोडली की दोन्हींतील दाब सारखा होईपर्यंत हवा वाहते आणि मग थांबते. मोठी टाकी ११.१ लिटरची व दोनशे बारची, आणि लहान बाटली ०.४ लिटरची व रिकामी असेल, तर दोन्ही १९३ बारवर येऊन स्थिरावतात. मोठीला ही झीज जाणवतही नाही. तीन लिटरची टाकी, जिला पाणबुडे ‘पोनी’ म्हणतात, तिची गोष्ट निराळी: ती त्याच टाकीतून भरली तर दोन्ही १५७ बारवर थबकतात, म्हणजे राखीव अपुरी राहते आणि मुख्य टाकीचाही पाचवा हिस्सा गेलेला असतो. येथे अनुभवी माणूस दोन टाक्या वापरतो. आदल्या फेरीतली ८० बारवर आलेली टाकी प्रथम जोडून पोनी ६३ बारपर्यंत आणतो आणि मगच भरलेली टाकी जोडतो, तेव्हा दाब १७१ बारपर्यंत चढतो. मोठ्या भरणकेंद्रांतील सिलिंडरांच्या रांगाही याच तत्त्वाने, कमी दाबाकडून अधिक दाबाकडे, वापरल्या जातात. हे आकडे आदर्श वायूचे आहेत. खरी हवा दोनशे बारला त्यापासून थोडी ढळते, पण व्यवहाराला बाध येत नाही.

उष्णतेचा प्रश्न मात्र व्यवहाराचाच आहे. रिकाम्या भांड्यात दाबाखालची हवा भरभर सोडली की आत शिरणारी हवा आधीच्या हवेला दाबते व तापविते. भांड्यातून उष्णता मुळीच बाहेर पडली नाही असे मानले, तर तीस अंश तपमानाची हवा तत्त्वतः दीडशे अंशांपर्यंत जाऊ शकते. धातूची भिंत पुष्कळ उष्णता शोषून घेते म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही. तरीही साठ अंशांवर दोनशे बार दाखविणारी बाटली सत्तावीस अंशांवर निवली की १८० बारच दाखविते, आणि घाईने भरणाऱ्याच्या राखीव हवेचा दहावा हिस्सा केवळ भासमान ठरतो. म्हणून मोठीची झडप केसभर उघडावी, सूक्ष्म सूं असा आवाज ऐकू यावा इतकीच, आणि बाटली हाताला ऊन लागली की थांबावे. शुद्ध प्राणवायूच्या बाबतीत ही घाई अक्षम्य आहे, कारण जोडणीत ग्रीसचा थेंब असला तर अशा तापण्याने तो पेट घेऊ शकतो.

उरलेली कृती थोडक्यात सांगता येईल: जोडण्यापूर्वी मोठीची झडप क्षणभर उघडून तोंडातले खारे पाणी उडवून लावावे, रबरी कडे तपासावे, आणि भरणा झाल्यावर दोन्ही झडपा मिटून मधल्या जोडणीतला दाब सोडल्याशिवाय ती सैल करू नये. एक धोका मात्र विस्ताराने सांगितला पाहिजे. युरोपात ३०० बारच्या पोलादी टाक्या सर्रास वापरात आहेत, आणि २०० बारची लहान बाटली अशा टाकीस जोडली तर प्रवाह आपोआप दोनशेवर थांबत नाही; थांबविणारा माणूसच असतो.

आता वारशाकडे वळू. मोठीतून भरलेल्या बाटलीत मोठीचीच हवा येते, तिच्या सगळ्या दोषांसह. कंप्रेसरने आपल्याच एंजिनाचा धूर ओढला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड दोन्हीकडे सारखाच असतो, आणि त्या विषाने डोके जड झालेला पाणबुडा राखीव बाटली तोंडाला लावील तेव्हा तेच विष पुन्हा घेईल. मोठीत ३२ टक्के प्राणवायूचे मिश्रण असेल, तर बाटलीवरही सुमारे ३३ मीटरची मर्यादा आपोआप लागू होते, आणि बाटलीवर तशी चिठ्ठी नसेल तर पुढच्या फेरीत ती कोण लक्षात ठेवणार? नळी वा झडप बिघडण्याच्या संकटात ती बाटली खरोखर स्वतंत्र आहे. हवेच्या बाबतीत नाही. माझ्या मते राखीव टाकी निराळ्या दिवशी, शक्य तर निराळ्या केंद्रातून भरावी आणि मोठीतून भरण्याची सोय अडचणीपुरती ठेवावी.

आणि पुरवठा? सर्वांत लहान बाटल्यांपैकी थोरलीत सुमारे ८५ लिटर हवा मावते. तीस मीटरवरून मिनिटास नऊ मीटर या सुरक्षित गतीने वर येण्यास साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर लागतात, आणि शांत श्वासालाही त्या वाटेत १६५ लिटर हवी. घाबरलेला मनुष्य दुप्पट घेतो. दहा मीटरवरून तेच काम पस्तीसेक लिटरांत होते. पाण्यात कोसळून उलटलेल्या हेलिकॉप्टरातून बाहेर पडणाऱ्या वैमानिकाजवळ अशी चिमुकली बाटली शोभते, कारण त्याला काही सेकंदांचाच श्वास हवा असतो. खोल बुडणाऱ्याने तीन लिटरची पोनीच घ्यावी, मग ती वाहणे कितीही कंटाळवाणे असो.

मालवण-तारकर्लीला हौशी प्रवाशांना जे डायव्हिंग घडविले जाते ते उथळ पाण्यात, आणि शिक्षक हाताच्या अंतरावर असतो. तिथे प्रवाशाला या बाटलीचे प्रयोजन नाही. परंतु सिलिंडरांच्या कायद्याचे दप्तर महाराष्ट्रातच आहे: १८८४ च्या स्फोटक कायद्याखालचे २०१६ चे गॅस सिलिंडर नियम ज्या खात्याच्या अंमलाखाली येतात, त्याची कचेरी नागपुरास आहे. त्या नियमांच्या व्याख्येत सिलिंडर म्हणजे पाचशे मिलिलिटरहून अधिक घनफळाचे पात्र. पोनी या व्याख्येत बसते. ८५ लिटर हवेची बाटली जेमतेम सव्वाचारशे मिलिलिटरची असल्यामुळे कलमाच्या बाहेर राहते, आणि दोनशे बारचा दाब सोसणाऱ्या तिच्या भिंतीची मुदतबंद तपासणी ही सर्वस्वी मालकाची खासगी बाब ठरते.